दिवडच असेल, असे म्हणू नये

मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडून चाकणच्या वाटेला लागले की चिंबळी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे या गावांच्या शिवारांत कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत; आणि त्या भिंतींच्या पाठीमागे, जेथे ओढ्याचे पाणी, गटाराचे तोंड आणि कंबरभर गवत एकत्र येते, तेथे पूर्वी बांधावर नांदणारी सर्पसृष्टी आजही वस्ती करून आहे. एका कारखान्याच्या सुरक्षा विभागाचे दप्तर बरीच वर्षे माझ्या स्वाधीन होते, त्यामुळे या सृष्टीशी माझा नित्य संबंध आला, आणि त्यातून जे ध्यानी आले ते येथे राबणाऱ्या प्रत्येकाच्या कानी घालणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या नद्यानाल्यांतला सर्वांत परिचित साप म्हणजे दिवड. कोणी त्याला पाणदिवड म्हणतात, कोणी विरोळा. मासे आणि बेडूक हे त्याचे भक्ष्य, पिवळसर तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्यापासून मागे उतरणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा, आणि स्वभाव विलक्षण तापट. डिवचला की मान चपटी करून तो नागाचा आव आणतो आणि असा कडकडून चावतो की दातांच्या ओळींतून रक्त ठिबकू लागते. तथापि त्याच्या दंशाने माणूस मरत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीत ‘कॉटनमाऊथ’ नावाचा खरोखर विषारी पाणसाप आहे, जो संकट दिसताच जबडा पसरून आतला शुभ्र भाग दाखवतो, आणि त्याच्या धास्तीने तिकडे निरुपद्रवी पाणसाप नाहक मारले जातात. आपल्या कोकण किनाऱ्याला विषारी समुद्रसर्प आहेत. इंद्रायणी-पवनेच्या पाण्यात घर करून राहणारा तसा विषारी साप मात्र नाही. आणि या खऱ्या गोष्टीवरच एक घातक समजूत पोसली गेली आहे, ती ही, की पाण्याकाठी चावला तो दिवडच असणार.

पाणी दिवडाचे असले तरी काठ एकट्या दिवडाचा नाही. उपाहारगृहाच्या खरकट्यावर उंदीर माजतात, उंदरांच्या मागावर घोणस येते, आणि ती त्याच ओल्या गवतात निश्चल पडून राहते. अंडी न घालता ती जिवंत पिले प्रसवते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा, आणि तीही बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर. ही वीतभर पिले जन्मतःच विषारी असतात. नागही उत्तम पोहतो. मग पाण्यालगत चावला एवढ्यावरून सापाची जात ठरवण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

आमच्याकडे तो एका मुकादमाने घेतला. ठेकेदाराकडचा एक तरुण भिंतीमागे गवत काढत असता तिन्हीसांजेला त्याच्या घोट्याला दंश झाला, साप गवतात दिसेनासा झाला, आणि मुकादम म्हणाला, “दिवड हाय ती, काय होत नाय.” हळद लावून पोराला बसवून ठेवले. मला वर्दी मिळाली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, चक्कर नाही येत, पण पाय लई जड झालाय.” पाय पोटरीपर्यंत सुजला होता. जवळच्या एका दवाखान्यात धनुर्वाताची सुई टोचून घरी जाण्यास सांगितले गेले, आणि सुई टोचली त्या जागेचे रक्त कापूस दाबूनही थांबेना, हे पाहून आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. तेथील डॉक्टरांनी साबण न लागलेल्या कोरड्या काचेच्या नळीत त्याचे थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता उभे ठेवले आणि मग नळी तिरपी केली. एव्हाना गोठून घट्ट व्हायला हवे होते ते रक्त सरळ वाहिले. घोणशीचे विष रक्त गोठण्याची शक्तीच हिरावून घेते, त्याची ही साधी परीक्षा आहे. प्रतिविष मिळाले, पण मूत्रपिंडांना इजा पोचली होती. डायलिसिस करावे लागले. पोरगा वाचला.

म्हणून माझे सांगणे असे, की सापाची ओळख पटवण्याच्या वादात रुग्णाचा वेळ दवडू नये. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, तेव्हा साप मारून नेण्याचे प्रयोजनच उरत नाही. मारण्याच्या भरात दुसऱ्याला दंश होतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणे हा गुन्हाही ठरतो. जखमेवर चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, दोरी करकचून आवळू नये. अंगठी, कडे, जोडवी तत्काळ काढावीत, कारण सूज चढल्यावर ती निघत नाहीत. दंश झालेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, आणि दंशाची वेळ कागदावर टिपून सोबत द्यावी. लक्षण दिसले नाही तरी २४ तास रुग्णालयाच्या देखरेखीत राहणे आवश्यक आहे. मण्यारीच्या दंशाची तर खूणही पुष्कळदा दिसत नाही. याच पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावी डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी अनेक वर्षे जे कार्य केले आहे, त्यावरून वेळेवर इलाज झाल्यास किती प्राण वाचतात याविषयी कोणास शंका उरू नये.

गवत काढणाऱ्याला गमबूट आणि लांब दांड्याचे हत्यार देणे ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे, ते व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. खरकटे रोजच्या रोज हलवावे, भिंतीलगत लाकडी पॅलेट रचू नयेत. आणि कारखान्यांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की मृगापूर्वीच जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आणि कृत्रिम श्वसनाची सोय रात्री-अपरात्रीही असते याची खातरजमा करून त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक, १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकासह, फाटकावरील नोंदवहीच्या पहिल्या पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवावा.