दिवाळीपुरती नोकरी आणि तिचे हक्क

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात तिला विक्रीचं काम मिळतंय. महिना १५,००० रुपये सांगितलेत, पण पगार दुकान नाही, एक एजन्सी देणार. एजन्सीवाले म्हणतात, नोंदणीचे दोन हजार आधी भरा, बारावीची मूळ गुणपत्रिका आमच्याकडे ठेवा, पगार सगळं संपल्यावर एकदम मिळेल. तात्पुरत्या कामाला पीएफ, बोनस काही नसतं म्हणे. शिवाय दुकान रात्री साडेदहापर्यंत चालतं. पाठवावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी. पैसे भरू नका आणि मूळ गुणपत्रिका देऊ नका. काम करणाऱ्यालाच आधी पैसे मागणाऱ्याच्या दारात मुलीला उभं करू नये, हे माझं ठाम मत आहे. गुणपत्रिका ठेवून घेण्यामागचा हेतू तर उघड असतो. मुलीला मध्येच काम सोडावंसं वाटलं तर तिला अडवता यावं. मूळ प्रत दाखवा, खात्री करू द्या आणि परत घ्या. झेरॉक्सवर ‘फक्त नोकरीच्या अर्जासाठी’ असं लिहून तारीख घाला, खाली तिची सही असू द्या. एवढ्यावर एजन्सी अडून बसली तर दुसरं दुकान बघा. या दिवसांत माणसं सगळ्यांनाच हवी असतात.

‘तात्पुरत्या कामाला काही नसतं’ हे साफ चूक आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो आणि काम संपलं की उरलेला हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. त्यामुळे ‘सगळं संपल्यावर एकदम’ चालणार नाही. एजन्सीने पगार बुडवला तर ज्या दुकानात मुलगी राबली त्या दुकानाच्या मालकावर जबाबदारी येते. म्हणूनच नियुक्तीपत्र हातात आल्याशिवाय कामावर जाऊ नये. त्यात एजन्सीचं आणि दुकानाचं नाव, कामाची पहिली आणि शेवटची तारीख, पगार, कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी एवढं हवंच. पाळ्यांचे व्हॉट्सॲपवर येणारे निरोप पुसू नका. पुढे वाद झाला तर कामावर असल्याचा तोच पुरावा ठरतो.

पगाराची चिठ्ठी आली की तिच्याकडे नीट बघा. एजन्सीकडे वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ पहिल्या दिवसापासून लागतो. १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये मुलीचे कापले जातील, तेवढीच रक्कम मालकाने आपल्या खिशातून भरायची. ईएसआय लागू असेल तर पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. हे पैसे वाया जात नाहीत. शिडीवरून कापडाचे गठ्ठे उतरवताना पाय मोडला तर ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. मात्र चिठ्ठीत ‘व्यवसाय कर २००’ दिसला तर लगेच विचारा. महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पुरुषांचा तक्ता सरसकट लावून मुलींचेही दोनशे कापले जातात आणि रक्कम लहान म्हणून कुणी बोलत नाही. बोलायला हवं. पीएफचा यूएएन नंबर लिहून ठेवा, पुढच्या नोकरीत तोच द्यायचा आहे.

बोनससाठी आर्थिक वर्षात किमान तीस दिवस काम लागतं. सहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरले तर मुलीचे छत्तीस भरतात. दसऱ्याला लागून भाऊबीजेला संपणारं काम असतं तर भरले नसते. बोनस किमान ८.३३ टक्के. त्यासाठी धरायचं वेतन एकूण १८,००० भरलं तर सुमारे दीड हजार होतात. तो या दिवाळीत मिळणार नाही. मार्चला वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या सुमारास. तोवर मुलगी ते काम विसरलेली असते आणि एजन्सीही आठवण करून देत नाही. बँक खातं बदललं तर एजन्सीला ईमेलने कळवून ठेवा. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या किंवा नव्याने सुरू झालेल्या आस्थापनांना यात सवलती आहेत, तेवढं विचारून घ्या.

रात्रीचं म्हणाल, तर राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलेला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, घरापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. ‘रिक्षाने जाईल की’ हे उत्तर मान्य करू नका. जादा तासांना दुप्पट दर असतो. कुठे अडलं तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

एवढं मान्य होत असेल तर जरूर पाठवा. गर्दीत गिऱ्हाईक सांभाळायला शिकली तर पहिल्याच मुलाखतीत तिला सांगण्यासारखं काही असेल.

प्रश्न : पगार १८,५००. दिवाळीच्या तोंडावर दुसरीकडे चांगली नोकरी मिळतेय, पण लगेच रुजू व्हायला सांगतात. आता सोडली तर बोनस बुडेल, असं साहेब म्हणतात.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बुडत नाही. दिवाळीत मिळणारा बोनस मागच्या मार्चला संपलेल्या वर्षाचा असतो आणि तो तुम्ही कमावलेला आहे. राजीनाम्याने तो जात नाही. अफरातफर, चोरी, मारहाण अशा कारणांनी बडतर्फ झालात तरच जातो. राजीनाम्यासोबत बोनसची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. नोटिशीची मुदत मात्र पाळा, नाहीतर तिचे पैसे हिशेबातून वळते होतील. पगार २१,००० च्या वर असता तर उत्तर बदललं असतं. तिथे मिळतो तो बहुधा कंपनीच्या मर्जीचा बोनस, आणि ‘वाटपाच्या दिवशी नोकरीत हवा’ अशी अट त्याला असू शकते.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम घेतलं. मोबाइलवर करारावर सही केली. आता ‘चुका जास्त आहेत, ५,८०० रुपये भरा, नाहीतर अटक होईल’ अशी वकिलाच्या नावाने नोटीस आली आहे. घरी कुणाला सांगितलेलं नाही.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : एक पैसाही भरू नका आणि आज घरी सांगा. टंकलेखनातल्या चुकांसाठी अटक होत नाही. करारात दंड लिहिला असला तरी तो वसूल करायला त्यांना दिवाणी न्यायालयात जावं लागेल आणि तिथेही वाजवी भरपाईपलीकडे काही मिळत नाही. गृहिणी आणि विद्यार्थ्यांना गाठून चालवलेला हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे, तुम्हाला लाज वाटण्याचं काही कारण नाही. संदेश, नोटीस, नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आधी काही रक्कम पाठवली असेल तर हा फोन लगेच करा, पैसे वाटेत थोपवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. खरोखर न्यायालयाचं समन्स आलं तर ते घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.