दूर राहणे आणि दूर सारणे

आपत्काळी नेम किती सोडावा आणि कोणता सोडू नये, हा प्रश्न आजवर आम्ही पोथीत वाचत होतो. २०२० आणि २०२१ या दोन सालांनी तो आमच्या अर्धापूरच्या शिवारात, ज्याच्या त्याच्या ओसरीवर आणून ठेवला. साथ ओसरली आणि लोक विसरले. परंतु त्या दिवसांत जे घडले त्याचा शास्त्राच्या अंगाने एकदा विचार करून ठेवावा, पुढे तशी वेळ आली तर लेकराबाळांस उपयोगी पडेल, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत. वाचक माउलींनी तो सावकाश वाचावा.

२२ मार्च २०२० रोजी, रविवारी, जनता संचारबंदी झाली. पुढे २५ तारखेस, ऐन गुढीपाडव्याला, सारा देश बंद झाला. आमच्या भागात चैत्र-वैशाख म्हणजे सप्त्यांचे आणि जत्रांचे दिवस. गहू-हरभरा घरात आलेला असतो, हळद शिजवून वाळत पडलेली असते, हाताला थोडी सवड असते. त्या वर्षी रामनवमी २ एप्रिलला आणि हनुमान जयंती ८ एप्रिलला होती. एका गावच्या कारभाऱ्याचा फोन आला, "महाराज, मांडव सांगितला, साखरेची पोती आणून ठेवलीत, आता कसं करावं?" आम्ही म्हणालो, "बापा, वीणा खाली ठेवू नका. पुजाऱ्याच्या घरची चार माणसं आळीपाळीनं पहारा देतील. बाकीच्यांनी आपापल्या घरी हरिपाठ म्हणावा. साखर ज्याची चूल पेटत नाही त्याच्या घरी जाऊ द्या." त्यांनी तसेच केले.

पुढे गावोगाव वेशीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या, कुठे बैलगाडी आडवी लागली. पुण्या-मुंबईहून आपलीच पोरे परत येऊ लागली. कोणी टेम्पोत बसून, कोणी पायी. त्यांस जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवू लागले. लोक त्यास 'कोरंटाईन' म्हणत. आमच्याकडे हरिपाठास येणाऱ्या एका शिकलेल्या पोराने तेव्हा विचारले, "महाराज, संतांनी सांगितलं कुणाला शिवू नको म्हणू नये. नाथ महाराजांनी तापल्या वाळवंटातलं लेकरू उचलून कडेवर घेतलं. आता सरकारच म्हणतं शिवू नका. मग संत खोटे का सरकार खोटं?"

शंका मोठी आहे. पोराने ती टवाळीने विचारली नव्हती, म्हणून तिचे समाधानही नीट झाले पाहिजे.

प्रथम हे पाहू की दूर राहणे हे शास्त्रास ठाऊक आहे की नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे. पांचाल देशी, कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरी, उन्हाळा सरता सरता पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह वनातून फिरत असता अग्निवेशास म्हणतात की, औषधी आताच गोळा करून ठेवा, पुढे त्यांचा गुण उतरेल आणि तेव्हा धावून उपयोग नाही. अग्निवेश विचारतो, माणसांच्या प्रकृती निराळ्या, आहार निराळा, वय निराळे, मग एकाच काळी एकाच रोगाने सारा मुलूख कसा बसतो? आत्रेय उत्तर देतात की, माणसे निराळी असली तरी वायू, उदक, देश आणि काळ या चार वस्तू सर्वांच्या सामाईक आहेत, त्या बिघडल्या की सर्वांवर एकदम संकट येते. या चारांत पुढची पुढची टाळण्यास अधिक कठीण. मुळाशी मात्र ते अधर्म सांगतात, आणि तोही सामान्य माणसापासून सुरू करीत नाहीत, देशाच्या व नगराच्या प्रमुखांपासून सुरू करतात. हा भाग सप्ताहात सांगितला की पुढच्या रांगेतील मंडळी खाली पाहू लागतात.

सुश्रुत त्याहून स्पष्ट बोलतो. निदानस्थानात त्याने अंगसंग, श्वास, एका ताटात जेवण, एका अंथरुणावर निजणे-बसणे, दुसऱ्याचे वस्त्र, दुसऱ्याची माळ यांनी काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात असे सांगितले आहे, आणि त्या रोगांत ज्वर गणला आहे. तेव्हा तोंडाला फडके बांधणे आणि हातभर दूर बसणे ही काही परकी कल्पना नव्हे. आमची वडील मंडळी सांगत की पंढरीला जाताना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. दंड दुखे, तरी वारी सुटत नसे. २०२१ च्या मार्च महिन्यात साठीच्या वरच्यांस लस सुरू झाली तेव्हा गावोगावी नाना भाकडकथा उठल्या होत्या. तेव्हा आम्ही हीच पटकीची गोष्ट सांगत असू, आणि ती सांगितली की म्हातारी माणसे हसून उठत.

तर दूर राहणे शास्त्राला धरून आहे. मग नाथांचे काय? येथे छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा पाहावी. कुरुदेशात गारपीट होऊन पीक झोपले. (गारपीट म्हणजे काय हे २०१४ सालानंतर मराठवाड्याला सांगावे लागत नाही.) उषस्ती हा विद्वान ब्राह्मण, बायकोसह उपाशी, माहुतांच्या गावी येऊन राहिला. एक माहूत घुगऱ्या खात होता. उषस्तीने त्याच्याजवळ मागितले. माहूत म्हणाला, माझ्या पुढ्यातल्या उष्ट्याखेरीज दुसरे काही नाही. उषस्ती म्हणाला, त्याच दे. घुगऱ्या दिल्या, मग माहुताने पाणी पुढे केले. त्यास मात्र उषस्ती नको म्हणाला, कारण ते उष्टे. माहूत बुचकळ्यात पडला : घुगऱ्याही उष्ट्याच होत्या की! उषस्तीने सांगितले की, त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो. पाणी मला वाटेल तेथे मिळेल.

उष्ट्या-सोवळ्याचा भाग क्षणभर बाजूस ठेवा, त्यातील माप पाहा. आपत्ती जेवढी, सूट तेवढीच. जीव वाचण्यास जे लागते तेवढ्यापुरता नेम वाकतो. त्याच्या पुढे एक घोटही नाही. महाभारतात शांतिपर्वात विश्वामित्राची दुष्काळातली कथा आहे, तेथेही वाद याच मापाचा आहे.

आता हे माप आपल्या गावाला लावू. शाळेत ठेवलेल्या पोराजवळ जाऊ नये, हे घुगऱ्यांप्रमाणे. त्यावाचून गाव वाचत नव्हते. पण त्याची भाकर बंद करणे, त्याच्या आईला हापशावर येऊ न देणे, त्याच्या घरचे दूध डेअरीत न घेणे, चौदा दिवस भरून तो बरा निघाला तरी 'अमक्याचा कोरोना' म्हणून हाक मारणे, याची जीव वाचण्यास काय गरज होती? हे उष्टे पाणी होते आणि पुष्कळ ठिकाणी लोक ते आवडीने प्याले. त्या पोरास आम्ही हेच सांगितले. नाथांनी लेकरू उचलले तेव्हा लेकरू जळत होते; ज्या नियमासाठी लोक लांब उभे होते त्याने कोणाचा जीव वाचत नव्हता. साथीच्या वेळी लांब राहणारा माणूस पलीकडच्याचा जीव वाचवितो, मात्र त्याने लांबूनही भाकर पोचविली पाहिजे. शाळेच्या फाटकाबाहेर ओट्यावर डबा ठेवून, "ए बाळा, जेवून घे रे," म्हणून हाक मारणाऱ्या मायमाउल्या आम्ही पाहिल्या आहेत. ज्या गावात हाक होती तेथे पोरे आपण होऊन शाळेत राहिली. ज्या गावात शिवी होती तेथे लोक ताप लपवू लागले. "तपासायला गेलं की नेतात," म्हणून अंगावर दुखणे काढले आणि साऱ्या घराला दिले. दूर सारण्याने रोग लपतो, हा साधा व्यवहारही लोकांस कळला नाही.

नांदेडातही तेच झाले. हुजूर साहिबाच्या दर्शनास आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू महिनाभर तेथेच अडकले. गुरुद्वाऱ्याने त्यांस सांभाळले. एप्रिलच्या अखेरीस ते बसने आपल्या मुलखी गेले, तेथे त्यांतील पुष्कळांस रोग निघाला आणि सारी बोटे नांदेडकडे वळली. इकडच्यांनी बोट तिकडे केले. बोटाने ताप उतरल्याचे कोणत्याही संहितेत नाही.

विटाळाचा हा रोग आपल्या अंगात जुना आहे. चोखोबांस दाराबाहेर ठेवणाऱ्या पंढरीत साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे मंदिर सर्वांस खुले झाले. जुने दुखणे कारण मिळाले की उसळते. म्हणून साथीत माप अधिक जपावे लागते.

आता प्रपंचाकडे येऊ. इसापूर धरणाच्या कालव्यावर आमच्याकडे केळी पिकते. हळद वाळवून पोत्यात भरली की बाजार उघडेपर्यंत थांबते. कापूसही थांबला, सरकारी खरेदी रखडल्याने पुष्कळांच्या घरात तो मृग लागेपर्यंत पडून होता आणि पिसवांनी अंग खाजवून माणसे हैराण झाली. केळी मात्र थांबत नाही. घड तयार झाला की उतरलाच पाहिजे. झाडावर पिकला तर फळ फाटते आणि वाहतुकीस टिकत नाही. गाड्या नाहीत, व्यापारी नाही, दिल्ली-हैदराबादचा बाजार नाही. घड कापून गुरांपुढे टाकताना माणूस गप्प होतो. पण याच दिवसांत एक जुनी रीत परत आली. बांधावरच्या मजुराला घड, त्याच्याकडून निंदणीचा हात. हळदवाल्याकडून हळद, ज्वारीवाल्याकडून ज्वारी. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले, त्याचाही मोठा आधार झाला. तरी तेल, मीठ, औषध यांस रोकड लागते, आणि ती कोणाजवळच नव्हती. सप्ते बुडाल्याने मृदंगाचार्य आणि गायक मंडळींची वर्षाची कमाई गेली. पखवाजावर पडणारे हात हळद उकरू लागले. आम्हांस त्यात कमीपणा दिसत नाही. सावता महाराजांचा मळा आपण कीर्तनात सांगतच असतो. फोनवर कीर्तन करण्याचा आग्रह आम्हांसही झाला. चार वेळा केले. टाळकऱ्यांच्या साथीवाचून अभंग चालतो, पण उभा राहत नाही, एवढेच म्हणतो.

वारीचेही तसेच. देहूहून १२ जूनला आणि आळंदीहून १३ जूनला मोजक्या लोकांत प्रस्थान झाले, पादुका तेथेच मुक्कामी राहिल्या आणि दशमीस, ३० जूनला, एस. टी. च्या बसने पंढरीस गेल्या. १ जुलैची आषाढी आम्ही घरीच केली. काही म्हाताऱ्यांनी रोज शेताला पाच फेऱ्या घालून वारीची वाट मोजली. वारी चुकली काय, असे आम्हांस विचारतात. जो धडधाकट असून गेला नाही त्याची चुकते. २०२२ च्या आषाढीस दिंड्या पायी निघाल्या तेव्हा हीच म्हातारी माणसे पुढे होती. मापाप्रमाणे सूट घेतली, मापाप्रमाणे परत केली. लग्ने मात्र पन्नास माणसांत झाली होती, ती सूट लोकांनी घाईघाईने परत केली! तेवढी ठेवली असती तर कर्जाचे चार पैसे वाचते.

शेवटची शंका सर्वांत अवघड. २०२१ च्या चैत्र-वैशाखात दुसरी लाट आली आणि घराघरांतून माणसे गेली. देह कापडात गुंडाळलेला, मुखदर्शन नाही, अग्नी नगरपालिकेच्या कामगाराने दिला. पुत्र आम्हांस विचारतात, "महाराज, बापाला पाणी मिळालं का? गती झाली का?" त्यांनी हे ध्यानात घ्यावे की धर्मशास्त्राने अशी वेळ पूर्वीच धरली आहे. परदेशी मेलेला, नदीत वाहून गेलेला, ज्याचा देहच हाती नाही, त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार सांगितला आहे. ज्याचा देह खरोखर अग्नीत गेला त्याचे तर काहीच राहिले नाही. दहावे-तेरावे चार माणसांत शेतात केले असेल तरी ते झाले. अस्थी महिनाभर झाडाला बांधून ठेवून मागाहून गोदावरीत सोडल्या असतील तरी त्या पोचल्या. वर्षश्राद्ध राहिले असेल तर पितृपक्षात करावे. आणि त्या दिवशी एक पान वाढवावे. ज्या कामगाराने घामाघूम होऊन, अंगावर प्लॅस्टिकचा झगा घालून, आपल्या बापाला अग्नी दिला त्याचा पत्ता नगरपालिकेत विचारला तर मिळतो. त्याला घरी बोलवावे, आणि पान वेगळे मांडू नये, पंक्तीत मांडावे.