सेल्फ मारतोय, पण गाडी उठत नाही

अगं, सेल्फ मारतोय ना? मग आधी चावी सोड आणि दोन मिनिटं शांत बस. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरीत जीव आहे, स्टार्टर मोटर शाबूत आहे. पुढचे दोष पुष्कळ असू शकतात, पण त्यातल्या बऱ्याचशांचा माग तुला बोनेट न उघडता, ड्रायव्हर सीटवर बसूनच लागतो. तुला मेकॅनिक करायचा माझा विचार नाही गं. पण जुनी गाडी आणि तिची मालकीण बाई, असा योग दिसला की काही गॅरेजवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, पंप गेलाय." पंप खरंच गेलेला असतोही कधीकधी. पण दाब मोजून सांगितलेला पंप वेगळा आणि अंदाजाने सांगितलेला वेगळा, आणि त्या अंदाजाचे पैसे तुझ्या पर्समधून जातात.

मी बोलतेय ते साधारण 2000 ते 2010 च्या पेट्रोल गाड्यांबद्दल. आल्टो, वॅगन-आर, सँट्रो, झेन, एमपीएफआयवाली मारुती 800. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले, चोक ओढायची कटकट संपली, पण इंजिनच्या मागण्या त्याच राहिल्या. पेट्रोल हवं, प्लगला करंट हवा, सिलिंडरमध्ये दाब हवा आणि तिन्ही गोष्टी वेळेवर हव्यात. वेळ सांभाळतो ईसीएम, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर. आणि इंजिन फिरतंय हे त्याला कळतं ते क्रँक किंवा कॅम सेन्सरकडून. त्या सेन्सरने तोंड मिटलं तर ईसीएमच्या लेखी इंजिन उभंच आहे. मग तो ना इंजेक्टर उघडतो, ना ठिणगी पाडतो. तू बापडी सेल्फ मारत बसतेस.

आता चावी "ऑन"वर फिरव, सेल्फपर्यंत नेऊ नकोस. एसी, पंखा, गाणी सगळं बंद, काचा वर. मागच्या सीटच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घुर्र ऐकू येते का बघ. टाकीतला पेट्रोलचा पंप लाइनमध्ये दाब भरून गप्प होतो, त्याचा तो आवाज. नीट ऐकू येत नसेल तर कोणाला तरी पेट्रोलचं झाकण उघडून तिथे कान द्यायला सांग (आजूबाजूला विडी-सिगरेट नको, हे सांगायला नकोच). आवाज आला म्हणजे पंप, त्याचा फ्यूज आणि रिले निदान जागे आहेत. आवाज आला म्हणून दाब पुरेसा आहे असं मात्र नाही. या गाड्यांना साधारण तीन बारच्या आसपास दाब लागतो, आणि म्हातारा पंप घुर्र करतो पण तेवढा दाब देत नाही. ते गेज लावल्याशिवाय कळत नाही.

आवाज आलाच नाही तर लगेच पंपावर खापर फोडू नकोस. आधी फ्यूज बघ. मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच जातीचा असतो. वरचा नंबर आणि खालच्या पिना जुळत असतील तर दोघांची अदलाबदल कर. गाडी उठली आणि हॉर्न मुका झाला, तर दोष कुठे होता ते तुला फुकटात कळलं! फिएस्टा, आयकॉन, पॅलिओ असल्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. जोराचा दणका बसला की पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच. अपघातात आग लागू नये म्हणून तो दिलेला असतो, पण आपल्याकडचे खड्डे त्याला अपघातच वाटतात. पेट्रोल गळत नाहीये याची खात्री करायची आणि त्याचं बटण परत दाबायचं. ते कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेव, रात्री हायवेला शोधू नकोस.

चावी "ऑन"वर असतानाच डॅशबोर्डकडे बघ. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायलाच हवा. इंजिन चालू झाल्यावर तो विझतो हे बरोबर, पण "ऑन"ला तो लागलाच नाही तर आनंद मानू नकोस. बल्ब गेला नसेल तर ईसीएमपर्यंत वीजच पोहोचत नाहीये. मेन रिले, फ्यूज, अर्थिंग, इथे बघायचं. दुसरा दिवा चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा. तो भराभर लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने तुझी चावी ओळखलेली नाही. रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडून करून आणलेली डुप्लिकेट दार उघडते, सेल्फही मारते, पण तिच्यात चिप नसेल तर गाडी उठणार नाही. मूळ चावी लावून बघ, आणि किचेनमध्ये दुसऱ्या गाडीची चावी अडकवली असशील तर ती काढून बघ.

आता सेल्फ मार, पण एका वेळी पाच-सात सेकंदच, आणि मधे अर्धा मिनिट थांब. स्टार्टर तापतो, बॅटरी बसते आणि मग एकाचे दोन दोष होतात. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा असेल तर त्यावर नजर ठेव. थोडासा थरथरला, दोनशे-अडीचशेच्या आसपास हलला, तर सेन्सर बोलतोय. मुळीच हलला नाही तर सेन्सरवर संशय घे. संशयच हं, काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही. सेल्फ जड, रडत-रडत फिरत असेल तर बॅटरीकडे ये. इंजिन फिरवता-फिरवता व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली गेलं की ईसीएम मान टाकू शकतो. अशा वेळी इंजिन फिरताना दिसतं पण उठत नाही, आणि लोक भलतेच पार्ट बदलत बसतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी ती साफ कर.

आणि सेल्फचा आवाजही ऐक. नेहमी तो लयीत येतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाब घेताना अडतो. लय गेली आणि दाणे संपलेलं जातं फिरावं तसं इंजिन हलकं, भरभर फिरायला लागलं, तर हात मागे घे. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्चचा उजेड टाक आणि कोणाला तरी सेकंदभर सेल्फ मारायला सांग. बऱ्याच इंजिनांत आतला कॅम किंवा रॉकर हलताना दिसतो. इंजिन फिरतंय आणि वरचं सगळं ढिम्म, तर निदान झालं. त्यानंतर एकदाही सेल्फ मारायचा नाही. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि बेल्टचं काम हेडच्या कामावर जातं.

तुझ्या गाडीला सीएनजी किट आहे, हे तर निदानाच्या दृष्टीने वरदान! गॅसवर उठते आणि पेट्रोलवर उठत नाही, म्हणजे करंट आहे, सिलिंडरमध्ये दाब आहे, सेन्सर आहे. दोष फक्त पेट्रोलच्या बाजूला. दोन्हीवर उठत नसेल तर पंपाला बहुतेक निर्दोष सोड. आता हल्लीची किट आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. थेट गॅसवर उठवायची युक्ती बहुतेकांत असते, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी, ज्याने किट बसवलं त्याच्याकडून शिकून घे. आणि एक सवय सोड बाई. सीएनजी परवडतो म्हणून पेट्रोलचा काटा कायम लाल रेघेवर ठेवायची. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळे. बऱ्याच किटमध्ये गॅसवर चालतानाही पंप फिरतच असतो, आणि कोरडा फिरून जळतो. पुण्या-मुंबईत सीएनजीवाल्यांचे पंप जातात त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे. पाव टाकी पेट्रोल कायम असू दे. शिवाय किट बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिलेले असतात. काळ्या टेपखालचा एखादा जोड पावसाळ्यात हिरवा पडतो आणि दहा वर्षं गुणी असलेली गाडी अचानक रुसते.

पावसाळ्यावरून आठवलं. गाडी महिनाभर उभी होती का? मग बोनेट उघडून उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघ. इंजेक्टरची एक बारीक वायर तुटली तर गाडी एक सिलिंडर कमी घेऊन का होईना उठेल, पण क्रँक सेन्सरची तुटली तर नाहीच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी धरतं. टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं आणि पंप पहिल्यांदा तेच ओढतो. कोकणात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास होऊ शकतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून ठेवलं की दोन थर स्पष्ट दिसतात.

इथवर काही सापडलं नाही तर एक प्लग काढून बघ. इंजिन गार असू दे, आधी पाच सेकंद सेल्फ मार आणि लगेच काढ. प्लग ओला आणि पेट्रोलचा भपकारा, म्हणजे पेट्रोल येतंय, करंट येत नाहीये किंवा अशक्त आहे. प्लग कोरडा ठणठणीत, म्हणजे पेट्रोलच पोहोचत नाही. या एका प्लगने अर्धी वाट मोकळी होते. सारखा सेल्फ मारून नुसतंच ओव्हर झालं असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धर आणि सेल्फ मार. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर ईसीएम पेट्रोल तोडतो आणि आतलं जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. उठली की पाय सोड. कार्ब्युरेटरच्या काळासारखं पॅडल पंप करण्यात मात्र काही अर्थ नाही. इथे पॅडलला पेट्रोलची पिचकारी जोडलेली नाही. करंट बघायला वायर हातात धरणं तर अजिबात नको. कॉइलचे हजारो व्होल्ट आणि शेजारी पेट्रोलची वाफ, ते काम मेकॅनिकला करू दे.

एक दोष फसवा असतो. गाडी चांगली चालत असते, खंबाटकी घाटाच्या चढावर तापते, बंद पडते, आणि अर्ध्या तासाने आपसूक उठते. गॅरेजला नेईपर्यंत शहाणी झालेली असते. गरम झाल्यावर मरणारा क्रँक सेन्सर, कॉइल किंवा रिले, यांपैकी एखादा असतो तो. अशा वेळी गाडी गरम असताना, बंद असतानाच ऐकायचं आणि बघायचं. घुर्र येते का, काटा हलतो का. तेवढ्या दोन गोष्टी फोनवर टिपून ठेव, कारण गार झाल्यावर पुरावा उरत नाही.

भोवती जमलेले दादा लोक "धक्का मारू या" म्हणतील. गोड शब्दांत नाही म्हण. धक्का मारून इंजिन फिरतं, आणि इंजिन तर सेल्फनेही फिरतंय. मग फायदा काय? उलट करंट नसेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि पुढे त्याचं वाटोळं होतं. टोचन करून नेणं परवडलं.

स्कॅनरबद्दलही ऐकून ठेव. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र जुन्या गाडीला लागलं नाही तर गाडीला किंवा यंत्राला दोष देऊ नकोस. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवायची सोय, सक्तीचं झालं ते भारत स्टेज 4 बरोबर 2010 पासून, आणि ओबीडी-2 तर 2013 मध्ये. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांचं सॉकेट तसंच दिसतं, पण आतली बोली कंपनीची स्वतःची. त्यासाठी त्या कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर असलेला इलेक्ट्रिशियन गाठ. आणि कोड आला म्हणून तोच पार्ट गेला असंही नाही, वायर तुटली तरी तोच कोड येतो.

मेकॅनिकला फोन करशील तेव्हा "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नकोस. सेल्फ जोरात मारतोय, पंपाचा आवाज येतोय, चेक इंजिन लागतो, काटा हलत नाही, प्लग कोरडा आहे, असं सांग. पलीकडचा सूर बदलतो बघ. माझ्या ओळखीतल्या एकीचा पंप असाच अंदाजाने बदलला, आणि गाडी उठली शेवटी एका फ्यूजने. पंप म्हणाले तर विचार, "दाब किती आला?" आकडा नसेल तर टाकी उतरवायची परवानगी देऊ नकोस. आणि काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवायला सांग.

उद्या वेळ काढून एक प्लग पाना घे. 16 चा लागतो की 21 चा, ते तुझ्या गाडीचा प्लग बघून ठरव. दोन-तीन जातीचे जादा फ्यूज आणि एक रिलेही त्याच दुकानात मिळेल.