ग्लीन म्हणजे सरवा वेचणे



इंग्रजी वाचताना तुम्हांला 'ग्लीन' हे क्रियापद भेटेल. त्याचा अर्थ 'गोळा करणे' एवढाच पाठ केलात, तर तुम्ही लिहाल, "आम्ही सहलीची वर्गणी ग्लीन केली." हे वाक्य चूक ठरेल. का, ते पाहू या.

'ग्लीन' हा मुळात शेतातला शब्द आहे. कापणी होते, मालक पीक घरी नेतो. तरी काही कणसे शेतात पडून राहतात. ती एकेक करून वेचणे म्हणजे ग्लीन करणे. मराठीत अशा मागे राहिलेल्या कणसांना 'सरवा' म्हणतात. भुईमूग काढल्यावर मातीत राहिलेल्या शेंगांचाही सरवा वेचतात. उर्दूत या कामाला 'खोशाचीनी' हा शब्द आहे. खोशा म्हणजे कणीस आणि चीनी म्हणजे वेचणे.

सरवा कोण वेचतो? ज्याच्याजवळ स्वतःचे पीक नाही तो. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ साली सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र काढले. त्या जमिनीकडे वाकल्या आहेत. मागे दूरवर पिकाच्या मोठमोठ्या गंजी दिसतात. इंग्लंडमधील गरीब लोक सरवा हा आपला हक्क समजत. परंतु १७८८ साली तेथील न्यायालयाने असा हक्क कायद्यात नसल्याचा निकाल दिला. तरीही अनेक गावांत ही चाल पुढे टिकून राहिली. गरिबाच्या घरी त्या दाण्यांची भाकरी होत असे.

आता अर्थ ध्यानात आला ना? थोडे थोडे, ठिकठिकाणाहून आणि कष्टाने मिळवणे म्हणजे ग्लीन करणे. म्हणूनच आज हा शब्द बहुधा माहितीसाठी वापरतात. जुनी पत्रे व वर्तमानपत्रे चाळून कोणी गावाचा इतिहास शोधला, तर त्याने ती माहिती ग्लीन केली, असे म्हणता येते. उर्दूतही दुसऱ्याच्या विद्येतून लाभ घेण्याला खोशाचीनी म्हणतात.

मराठीतही प्रत्येक कामाचे क्रियापद वेगळे आहे. वर्गणी गोळा करतात, तिकिटे जमवतात, धान्य साठवतात, झाडाखाली पडलेली फुले वेचतात. उर्दूच्या सवयीने सगळीकडे 'जमा करणे' लिहू नका. पैसे मात्र बँकेत जमाच करतात!

मित्रांनो, भाषाही अशीच वेचावी लागते. एस.टी. स्टँडवरची पाटी, बाजारातले बोलणे, वर्तमानपत्राचा कागद, यांतून रोज एक मराठी शब्द उचला. वेचलेला दाणा लहान असतो, पण तो वाया जात नाही.

स्वाध्याय

१. 'वर्गणी ग्लीन केली' हे वाक्य चूक का आहे?
२. योग्य क्रियापद लिहा : (अ) मुलींनी प्राजक्ताची फुले ______. (आ) मुंग्या अन्न ______.
३. या आठवड्यात तुम्ही वेचलेले पाच मराठी शब्द लिहा. प्रत्येक शब्द कोठे मिळाला, तेही सांगा.