आधी वाचक दे, मग व्याकरण

बाळ, कॉलेजात लागलीस, आता मुलांना शोधनिबंधाचं लेखन शिकवायचंय म्हणतेस, तर दोन गोष्टी कानात घालून ठेव. पहिल्या तासाला फळ्यावर 'प्रस्तावना, मुख्य भाग, निष्कर्ष' लिहू नकोस. आधी विचार, तुमचं लिहिलेलं वाचणार कोण? 'मॅडम' असं उत्तर येईल. तिथंच घोडं अडतं. मॅडमना सगळं ठाऊक, मग पोरं समजावून कशाला सांगतील? मार्कांपुरतं खरडतात नि मोकळी होतात. म्हणून खरा वाचक दे, म्हणजे पहिल्यापासून छापायला पाठवायचं म्हणूनच लिहायला लाव.

तुझ्या वर्गात कुणाच्या घरी छत्तीसगढी, कुणाच्या हल्बी, एखाददुसऱ्याच्या घरी आपली मराठी. लिहायचं मात्र हिंदीत. म्हणून सगळे म्हणतात, आधी भाषा पक्की होऊ दे, छापण्याचं नंतर बघू. मला हे कधीच पटलं नाही. आपल्या रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात ज्यांच्या नावाची शाळा आहे, त्या माधवराव सप्र्यांच्या घरी मराठीच होती. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायचे, त्या पगारातून पैसे बाजूला टाकले आणि १९०० च्या जानेवारीत 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. जोडीला रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे, म्हणजे तिघंही मराठीच! तीन वर्षांत पैसा आटला, मासिक बंद पडलं. पण तेवढ्या काळात त्यांनी हिंदी पुस्तकांची अशी परीक्षणं लिहिली की हिंदी समीक्षेचा इतिहास सांगताना आजही त्यांचं नाव घ्यावं लागतं. पुढे लोकमान्यांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही यांनीच. दर महिन्याला अंक वाचकाच्या हातात द्यायचा असला की माणूस वाक्य चारदा तपासतो.

म्हणून तूही सुरुवात पुस्तक-परीक्षणानं कर. तीनशे शब्द, जास्त नाही. पुस्तकात काय आहे ते सांगायचं, आपलं मत मांडायचं, मताला पुस्तकातलाच आधार द्यायचा. शोधनिबंधात याहून वेगळं काय असतं? मात्र लिहायच्या आधी, जिथं पाठवायचं त्या मासिकाचे मागचे दोन-तीन अंक मुलांसमोर ठेव. परीक्षण किती लांबीचं, सुरुवात कशी, संदर्भ कुठं नि कसे देतात, हे त्यांनाच शोधून काढू दे. तू सांगितलेला नियम परीक्षेनंतर विसरतील, स्वतः शोधलेला लक्षात राहील.

आता लाल पेन. सगळ्या चुकांवर फिरवलास तर वही रक्तबंबाळ होते नि पोरगं गप्प बसतं. एका खेपेला एकच चूक धर. 'मैंने किताब पढ़ी' ऐवजी 'मैं किताब पढ़ा' हे तुला हमखास दिसेल. छत्तीसगढीत तो 'ने' नाहीच, आणि आपण मराठीतही 'मी पुस्तक वाचलं' म्हणतो, 'मीने' नाही. तेव्हा ही चूक आळसातून येत नाही, घरच्या बोलीतून येते, हे मुलाला आधी सांग. क्रियापदाच्या लिंगाचंही तसंच. मग त्यालाच शेजाऱ्याच्या मजकुराचं प्रूफ तपासायला बसव. स्वतःच्या लेखनातला गेलेला 'ने' दिसत नाही, दुसऱ्याच्यातला लगेच दिसतो.

संदर्भ शिकवायला दूर जायला नको. बूढ़ा तालाबावर टिपण लिहायला दे. निम्मी मुलं लिहितील, विवेकानंद लहानपणी इथं पोहायचे, असं म्हणतात. विचार, कोण म्हणतं? कुठं छापलंय? नरेंद्र १८७७ मध्ये वडिलांकडे रायपूरला आला, दोनेक वर्षं राहिला, हे चरित्रांतून दाखवता येतं. पोहण्याचं ज्याला दाखवता येईल त्यानं लिहावं, नाहीतर 'लोक सांगतात' एवढंच लिहून थांबावं. हा भेद ज्याला कळला, त्याला तळटीप का द्यायची हे निराळं शिकवावं लागत नाही. गाइडातून उचलेगिरी करणाऱ्यांसाठी उपाय साधा आहे: पुस्तक मिटायचं, शेजाऱ्याला तोंडी सांगायचं, मग लिहायचं.

मजकूर परत येईल, येऊ दे. संपादकाचं पत्र वर्गात मोठ्यानं वाच. रागावून नाही, बातमी वाचावी तसं. त्यातली कुठली सूचना घ्यायची नि कुठली नाही, यावर मुलांना भांडू दे. तू मध्ये पडू नकोस.

एक मात्र कडक सांगते. 'इतके रुपये भरा, आठवड्यात छापून देतो' म्हणणारे शोधपत्रिकावाले तुझ्याही दारी येतील. २०२२ च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.साठी आधी निबंध छापून आणायची सक्ती काढून टाकलीय, तेव्हा घाबरायचं कारण उरलं नाही. चांगलं मासिक नाही मिळालं तर कॉलेजच्या वार्षिकात छापा, तेही नसेल तर दोन पानांची झेरॉक्स काढून मोहल्ल्यात वाटा. पण पैसे मागणाऱ्याला मुलांचे फोन नंबर देऊ नकोस.