वस्तू बोलतात : छायाचित्राचा एक पाठ

ज्या आजीचा एकही फोटो घरात नाही, तिची आठवण छायाचित्रात कशी आणायची? वर्गात एका मुलीने हे विचारले आणि आम्ही ठरवलेला पाठ बाजूला ठेवला.

इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ साली 'उघडे दार' हे छायाचित्र काढले. त्यात माणूस नाही. दाराला टेकवलेला झाडू, बाजूला कंदील, आत अंधार. तरी वाटते, कोणीतरी आत्ताच झाडू ठेवून आत गेले.

आपल्या फोपनारला १९६४ साली सापडलेल्या कांस्य बुद्धमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचल्या. आजीचा अडकित्ता मात्र भंगारातच जायचा!

त्या मुलीने आजीचा पितळी पानाचा डबा चिंचेने लखलखीत घासला, शेजारी प्लास्टिकची फुले मांडली, फ्लॅश मारला. फोटो दुकानातल्या डब्याचा वाटला. (घासायला नको होता, पण ते सांगायला आम्हालाच उशीर झाला.) मग फुले काढली. डबा खिडकीजवळ ठेवला. उजेड एका बाजूने आला की पोचे आणि ओरखडे उठून दिसतात. झाकण उघडे, एक अर्धी कातरलेली सुपारी, उजवीकडे अडकित्ता. मागची बैठक रिकामीच ठेवली.

फोटो पाहून तिची आई म्हणाली, "अडकित्ता डावीकडे ठेव गं. आजी डावखुरी होती."

मुलीला हे माहीतच नव्हते. तिने फोटो पुन्हा काढला.