बेंडूक बसला पाहिजे

बाजारात मिळणारा रबरी फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष, गोंदियाच्या पाण्यासाठी बनवलेला नसतो. त्याचा मूळ घाट अमेरिकेतल्या बास माशासाठीचा. आपल्याकडे त्याची गाठ पडते मरळीशी, आणि तीही मालगुजारी तलावात, जिथे कमळाची पानं, देवधान आणि काठाला बेशरमची झुडपं माजलेली असतात. म्हणून पाकिटातून काढलेला फ्रॉग तसाच दोरीला बांधायचा नाही, असं माझं ठरलेलं आहे. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडच्या तलावांवर आणि बोड्यांवर (लहान तळ्यांवर) गरी टाकता टाकता जे समजलं, ते लिहितो.

१. आधी तो पाण्यात कसा बसतो ते बघा.
नवा फ्रॉग घरच्या टाक्यात सोडावा आणि नुसता बघावा. जिवंत बेडूक पाण्यात थांबतो तेव्हा डोळे नि नाकपुड्या वर असतात, मागचं अंग आणि पाय खाली लोंबतात. स्वस्तातले बरेच फ्रॉग सपाट पडतात, काही तर एका कुशीवर. पाळीवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या ढिवरकाकांनी माझं टाकणं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा बेंडूक पोहते, पण बसत नाही जी. मरळ बसल्या बेंडकालेच धरते." त्यांनी जन्मभर जिवंत बेडूक गरीला लावून मरळ काढलेली. पुढची सगळी कापाकापी या एका वाक्यासाठी आहे.

रंगाची चिंता सगळ्यात शेवटी करावी. खालून बघणाऱ्या मरळीला आकाशाच्या उजेडावर एक काळसर आकृती दिसते. पाठीवरचे हिरवे-पिवळे ठिपके माशापेक्षा गिऱ्हाइकालाच जास्त भुलवतात. पाकिटात दबून वाकडा झालेला फ्रॉग मात्र आधी सरळ करून घ्या. थोडा वेळ गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, ठेवला की तो आकारावर येतो.

२. वजन शेपटीकडे, आणि तलाव बघून.
सायकलच्या दुकानात मिळणारे बारीक छर्रे यासाठी उत्तम. रॉकेलने ग्रीस धुऊन काढायचं आणि गरीचा दांडा जिथून बाहेर येतो त्या फटीतून एकेक आत सारायचा. प्रत्येक छर्ऱ्यानंतर पुन्हा टाक्यात सोडून बघायचं. नाक वर उचललं गेलं आणि मागचा भाग पाण्यात उतरला की थांबायचं. आणखी एक टाकला तर फ्रॉग बुडतो, किंवा इतका जड होतो की हिसक्याला उत्तरच देत नाही. छर्रे आत खुळखुळतात, तेही गढूळ पाण्यात कामाला येतं. फक्त ते गंजतात. घरी आल्यावर पाणी काढून वाळवायला हवेत. आवाज नको असेल तर गरीच्या दांड्याला शिशाची पातळ पट्टी गुंडाळा.

आता तलावाचं. नवेगाव बांधसारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाने दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली, त्यामुळे पाळीपाशी पाणी खोल आणि वरच्या अंगाला उथळ होत जातं. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, पण तलावांची ही ठेवण तीच आहे. खोल, मोकळ्या बाजूला जड फ्रॉग लांब जातो आणि नीट बसतो. उथळ बाजूला हाच फ्रॉग कमळाच्या देठात शेपूट रुतवून बसतो. तिथे बिनवजनाचा हवा, पानावरून घसरत जाणारा. दोन वेगळे फ्रॉग ठेवावेत; एकाच फ्रॉगने दोन्हीकडे भागवणं मला तरी जमलेलं नाही.

३. पाय कापा.
फ्रॉगच्या रबरी झालरीचे पाय कारखान्यातून लांबच येतात. लांब पाय पाण्यात ओढ धरतात आणि फ्रॉग सरळ रेषेत ओढला जातो. शिवाय मरळ नुसते पाय धरून ओढते आणि गरी रिकामी येते. मी ते निम्मे कापतो. एक पाय दुसऱ्याहून बोटाच्या पेराएवढा आखूड ठेवला तर फ्रॉग एका बाजूला लवकर वळतो. दोन पानांमधल्या चिंचोळ्या जागेत त्याला जागच्या जागी डावं-उजवं करता येतं.

पण कात्रीने निम्मंच काम होतं. दोरी सतत ताणलेली असेल तर कसाही कापलेला फ्रॉग वळणार नाही. रॉडचं टोक खाली, एक टिचकी, लगेच दोरी सैल, मग दुसरी टिचकी. आणि मग थांबायचं. मरळीला हवेचा घोट घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे ती आसपास असेल तर पाणी हलताना किंवा बुडबुडा फुटताना दिसतो. त्याच्या पलीकडे फ्रॉग टाकून जवळ आणायचा आणि तिथे बसू द्यायचा.

४. सगळी भोकं बुजवू नका.
पाणी शिरतं म्हणून बरेच जण फ्रॉग चहूकडून सिलिकॉनने सील करतात. मग आतली हवा अडकते, फ्रॉग फुगलेला राहतो आणि मरळीने चावला तरी दबत नाही. दबला नाही तर गरीची टोकं उघडी पडत नाहीत. नाकाकडची फट तेवढी बुजवा, शेपटीकडची मोकळी ठेवा. अधूनमधून फ्रॉग पिळून पाणी काढावं लागतं. काढा.

५. गरी थोडी उघडा.
पकडीने दोन्ही टोकं किंचित बाहेर आणि वर वळवायची, अगदी एक-दोन मिलिमीटर. मरळीचं तोंड हाडाचं असतं, टोक आत जायला एवढा फरक पुरतो. जास्त वळवली तर प्रत्येक देवधानाच्या काडीत अडकते. मासा परत सोडायचा असेल तर गरीच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. आणि पाणी उसळलं की लगेच झटका नको. दोरीला ओझं जाणवू द्या.

६. नदीवर पॉपर.
वैनगंगेच्या किंवा बाघच्या मोकळ्या डोहात फ्रॉगपेक्षा पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं आमिष, बरा. त्याच्या तोंडाची वाटी पॉलिशपेपरने थोडी खोल केली की 'बुडुक' आवाज भरदार येतो. प्लास्टिकचा पॉपर पोकळ असतो, जास्त घासला तर भोक पडतं, तेव्हा जपून. लाकडाचा घरी केला तर ही भीती नाही. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि कोरायला मऊ. व्हार्निशचे हात मात्र नीट द्यावे लागतात. घरगुती म्हणून कुणी नाक मुरडलं तर सांगावं, की फिनलंडच्या लौरी रापालाने १९३६ मध्ये आपला पहिला चालणारा ल्युअर बुचातून मोच्याच्या सुरीने कोरला आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली होती.

मागच्या तीन टोकांच्या गरीला गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं लाल दोऱ्याने बांधा. पॉपर थांबला तरी पिसं हलत राहतात.

७. दोरी.
ब्रेडेड, कारण ती तरंगते. फ्लोरोकार्बन बुडते आणि फ्रॉगचं नाक खाली ओढते. दुसऱ्या कलमातली सगळी मेहनत पाण्यात. नाकाला स्नॅप-स्विव्हल लटकवू नका, तेही वजनच. फ्रॉगला दोरी थेट बांधा, पॉपरला सैल फासाची गाठ द्या.

८. पावसाळ्यात एक जागा सोडा.
पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला की खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे कसाही बसणारा, पाय न कापलेला फ्रॉगसुद्धा धरला जातो, कारण मरळ तेव्हा खाण्यासाठी धावत नाही, हुसकवायला धावते. तिला काढलं की पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. त्या पिलांवर ज्यांचं पुढचं वर्ष चालतं त्या ढिवरांच्या संस्थेकडे बहुतेक तलाव ठेक्याने असतात. गरी टाकायची ती त्यांना विचारूनच. विचारलं की पाण्याखाली खुंट कुठे आहेत तेही ते सांगतात, आणि दोन-तीन महागडे फ्रॉग वाचतात.